मटका, कसिनो, मोबाईल: नववी ते बारावीच्या मुलांना जुगार नेमका कसा समजावायचा?

भिरंड

चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) आमच्या वाचनालयात नववी ते बारावीच्या मुलांसाठी दोन-दोन तासांची दोन सत्रं ठरली आहेत. मुलं साधारण चाळीस. विषय जुगार.

"जुगार वाईट" हे मुलांनी शंभरदा ऐकलेलं असतं. पण बाजारातल्या गाड्यावर मटक्याची चिठ्ठी लिहून घेणारा त्यांना रोज दिसतो, पणजीला गेलं की मांडवी नदीतल्या कसिनो-जहाजांची रोषणाई दिसते आणि हातातल्या मोबाईलवर लाल-हिरवा ओळखायचा खेळ असतो. या सगळ्यासमोर उपदेश टिकत नाही. मुलांना हाताने करून बघता येईल असं काहीतरी हवं आहे. कच्चा आराखडा असा: पहिल्या दिवशी मटक्याचं गणित, दुसऱ्या दिवशी ॲप आणि पैशांचे व्यवहार, शेवटी व्यसनावर एक चित्रफीत.

कोणती कृती घ्यावी, किती वेळ लागतो, कुठे फसते, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खाजन

मटक्यापासून सुरुवात योग्य आहे, कारण आकडेमोड सहावीच्या मुलालाही जमते. आधी आकडा कसा काढतात ते फळ्यावर दाखवा. ० ते ९ मधले तीन अंक निघाले, समजा २, ५, ८. बेरीज १५, शेवटचा अंक ५. हा ओपन. दुसऱ्यांदा १, ४, ६ निघाले, बेरीज ११, म्हणजे क्लोज १. जोडी झाली ५१. एका अंकावर लावलं तर दहा शक्यता, आणि रुपयाला नऊ मिळतात. जोडीवर शंभर शक्यता, आणि रुपयाला नव्वद. लावलेला रुपया वेगळा परत मिळत नाही. काही ठिकाणी जोडीचा भाव याहूनही कमी असतो.

आता कृती. लागणारं सामान: ८०० चिंचोके, ० ते ९ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या, एक तांब्या, एक रिकामा डबा. खरे पैसे अजिबात नकोत, चॉकलेटंही नकोत.

प्रत्येक मुलाला वीस चिंचोके द्या. चाळीस मुलांना दहा अंक वाटून द्या, एका अंकावर बरोबर चार मुलं. दर फेरीला प्रत्येकाने एक चिंचोका डब्यात टाकायचा, म्हणजे चाळीस जमले. चिठ्ठी काढा. ज्यांचा अंक आला त्या चौघांना नऊ-नऊ द्या, म्हणजे छत्तीस गेले. डब्यात चार उरले. चिठ्ठी परत तांब्यात टाका, हलवा, पुढची फेरी. वीस फेऱ्यांना अर्धा तास धरा.

शेवटी डबा मोजायला एखाद्या मुलालाच बोलवा. बरोबर ८० चिंचोके निघतात. डबा सुरुवातीला रिकामा होता हे तेव्हा त्यांच्या लक्षात आणून द्या. डबेवाल्याने एकही चिंचोका लावलेला नाही, त्याला नशिबाची गरजच पडली नाही, आणि तरी दर फेरीला त्याचे चार ठरलेले.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली म्हणजे मुलांना हवा तो अंक निवडू देणं. मग निम्मा वर्ग ७ वर जातो, ७ आला की बँक, म्हणजे आपला डबा, बुडते आणि सगळा धडा उलटा होतो. चाळीस मुलं आणि वीस फेऱ्या एवढ्यावर बँक तोट्यात जाऊ शकते. म्हणून अंक समान वाटलेलेच हवेत.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. "बघा, सगळेच हरतात" असं शिक्षक आधीच बोलून बसतात. ते खरं नाही. वीस फेऱ्यांत ज्याचा अंक तीन वेळा आला त्याच्याकडे २७ आले, म्हणजे सात नफा. सरासरीने बारा-तेरा मुलं नफ्यात असतात. चार-पाच मुलांचे वीसच्या वीस गेलेले असतात. उरलेल्यांचे थोडे-थोडे गेलेले असतात, पण त्यांचाही अंक निदान एकदा आलेला असतो. नफ्यातल्या मुलांना उभं करा, कसं वाटतंय ते विचारा, ती भरभरून बोलतील. मग ज्यांचे सगळे गेले त्यांना विचारा. ती गप्प बसतात. गावात जिंकल्याच्याच गोष्टी का कानावर येतात, हे त्या शांततेत मुलांना आपोआप कळतं. तिथे घाई करू नका.

पाटो

खाजन यांच्या कृतीला धरून एक जोड. आठ-दहा फेऱ्या झाल्या की कोणीतरी म्हणतंच, "३ अजून आलाच नाही, आता येणार." तिथेच थांबून विचारा: मागच्या वेळी काय निघालं हे तांब्याला कुठे लिहून ठेवलेलं आहे? १८ ऑगस्ट १९१३ ला मोंते कार्लोच्या कसिनोत रूलेवर (लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक) सलग २६ वेळा काळा आला. पंधराव्या-सोळाव्या वेळेपासून "आता लालच" म्हणत लोक लालवर रकमा वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या कृतीसाठी जत्रेतला पट घ्या. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, झेंडा, मुकुट अशी सहा चित्रं आणि तीन फासे. एका फाशावर आपलं चित्र आलं तर एकास एक, दोनांवर आलं तर दुप्पट, तिन्हींवर आलं तर तिप्पट. मुलांना खेळण्याआधी विचारा, जिंकायची शक्यता किती? "सहा चित्रं, तीन फासे, म्हणजे निम्मी" हे उत्तर जवळजवळ सगळ्या वर्गाकडून येतं. हा खेळ त्या चुकीच्या हिशेबावरच उभा आहे.

खरा हिशेब: तीन फाशांचे एकूण २१६ प्रकार. आपलं चित्र एकाही फाशावर न येण्याचे ५ × ५ × ५ = १२५. म्हणजे २१६ पैकी ९१ वेळाच काही मिळतं. एकदा येण्याचे ७५, दोनदा १५, तीनदा १. मिळकत ७५ + ३० + ३ = १०८, तोटा १२५. दर २१६ रुपयांमागे १७ पटवाल्याचे, शेकडा जवळपास ८.

चारचे दहा गट करा, प्रत्येक गटाने एक चित्र धरून पन्नास डाव टाकायचे. फळ्यावर ५०० डावांची बेरीज करा, रिकामे गेलेले २९० च्या आसपास येतात. २५० च्या खाली येणं जवळपास अशक्य, त्यामुळे ही कृती फसत नाही. फासे मात्र चांगल्या कापणीचे घ्या. घरी कापलेले लाकडी तुकडे एका बाजूला जड असतात.

कसिनोबद्दल मुलं विचारणारच. रूलेवर ३७ घरं, आकडा लागला तर ३५ आणि आपला १ असे ३६ मिळतात. शेकडा २.७ एवढाच कसिनोचा वाटा. मटक्याच्या दहा टक्क्यांपुढे हे कमी वाटतं. पण मटक्याचा आकडा दिवसातून मोजक्या वेळा लागतो, चाक तासाला तीस-चाळीस वेळा फिरतं आणि मोबाईलवरचा रंग दर मिनिटाला लागतो. एका डावाचा दर आणि डावांची संख्या, दोन्हींचा गुणाकार करायला शिकवा. शेकडा पाचच्या खेळात दहा-दहा रुपयांचे तासाला साठ डाव म्हणजे ६०० रुपये फिरले, सरासरी ३० गेले. बटण दाबून सहा सेकंदांत एक डाव होणाऱ्या यंत्रावर तेच ३०० होतात.

आणि हेही दाखवा: दहा टक्के दराच्या खेळात हजार रुपये घेऊन बसलं आणि जे हातात राहील ते पुन्हा लावत गेलं, तर दहा वेळा फिरल्यावर सरासरी ३४९ उरतात. "मी हजारच घेऊन बसतो" म्हणणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो.

सुरंगी

दोघांचंही लिखाण उत्तम, वाचनखूण ठेवली. पण फक्त गणितावर थांबू नका अशी कळकळीची विनंती. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांचा आजवरचा अनुभव असा की मुलांचं ज्ञान वाढतं, गैरसमज कमी होतात, पण वागणं तेवढ्याने बदलतंच असं नाही. हिशेब पक्का असलेला मुलगाही अडकतो, कारण अडकवणारी गोष्ट हिशेबाची नसते.

तीन गोष्टी मुलांना त्यांच्या भाषेत सांगा.

एक, बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की मेंदू जास्त चिकटतो. दर दहाव्या वेळी नक्की मिळतं असं असतं तर माणूस कंटाळून उठला असता. "पुढच्या वेळी कदाचित" हे जिवंत ठेवणं हीच या खेळांची रचना आहे.

दोन, हुकलेला डाव. जोडी ५१ लावली आणि ५२ आली की "थोडक्यात हुकलं" वाटतं, हुरूप येतो. प्रत्यक्षात ५२ आणि ९७ दोन्ही सारखेच हरलेले. यंत्रांवर दोन चित्रं जुळून तिसरं अर्ध्यावर अडकलेलं दिसतं, त्याचा परिणाम नेमका हाच.

तीन, आणि ही सगळ्यात धोक्याची: गेलेलं परत आणायला पुन्हा बसणं. मुलं ज्याला "डबल करत जायचं" म्हणतात ते फळ्यावर मांडा. १०० लावले, गेले. २००, ४००, ८००... सलग आठ डाव गेले की २५,५०० गेलेले असतात आणि नववा डाव २५,६०० चा लावावा लागतो. तो जिंकला तरी एकूण नफा १०० रुपये. हे आकडे मुलांनी स्वतः वहीत लिहून काढावेत.

शेवटची चित्रफीत काढून टाका. उद्ध्वस्त घर, रडणारी आई असं दाखवलं की मुलं म्हणतात, "आपलं तसं कुठे होणार." भीतीचा असर दोन दिवस राहतो. त्यापेक्षा तो वेळ बोलण्याला द्या.

पोफळ

ॲपच्या सत्रासाठी एक कृती, ३२ मुलांची. उरलेली आठ निरीक्षक.

टेलिग्रामवर "शंभर टक्के टिप" देणारे गट असतात. ते चालतात कसे, ते मुलांवरच करून दाखवा. घडी केलेल्या ३२ चिठ्ठ्या वाटा, सोळांवर लाल, सोळांवर हिरवा. मग नाणं उडवा: छापा लाल, काटा हिरवा. ज्यांचं चुकलं त्यांनी खाली बसायचं. उरलेल्या सोळांना पुन्हा आठ लाल, आठ हिरवा. मग आठ, चार, दोन. पाचव्या फेरीनंतर एकच मुलगा किंवा मुलगी उभी असते, जिला सलग पाच टिपा बरोबर मिळाल्या. तिला विचारा, "सहाव्या टिपेसाठी पाचशे रुपये देशील?" समोर बसलेली एकतीस जणं दिसत असूनही क्षणभर तिला मोह होतो, आणि तो चेहऱ्यावर सगळ्यांना दिसतो. टिप देणाऱ्याला काहीही ठाऊक नव्हतं. खऱ्या गटात बसलेले एकतीस जण त्या एकाला दिसतच नाहीत, एवढाच फरक.

चिठ्ठ्या पाचही फेऱ्यांच्या आधीच मोजून, रबर लावून ठेवा. ऐन वेळी लिहायला बसलात तर वर्ग हातातून जातो.

क्रिकेटवाल्या मुलांसाठी वेगळं बोलावं लागतं, कारण "मला खेळ कळतो, हा जुगार नाही" असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्याशी खेळाच्या ज्ञानावर वाद घालू नका, भावावर या. दोन्ही संघ बरोबरीचे असतील तर खरा भाव रुपयाला दोन हवा. मिळतो १.९०. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले जवळपास त्रेपन्न अंदाज बरोबर यावे लागतात, आणि तेही बरोबरीच्या सामन्यांत, वर्षानुवर्षं. पाच सामने एकत्र बांधून लावले तर १.९० पाच वेळा गुणून रुपयाला २४.७६ दिसतात. मोठं वाटतं. पण पाचही बरोबर येण्याची शक्यता बत्तीसात एक. शंभर रुपयांमागे साडेबावीसहून जास्त भाव लावणाऱ्याकडे राहतात. जितके सामने बांधाल तितका त्याचा वाटा वाढतो.

मानशी

कायदा आणि पैशांचे व्यवहार यावर लिहितो. या वयात मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि याबद्दल त्यांना कोणी काही सांगत नाही.

आधी कायदा, थोडक्यात. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. कसिनोत प्रवेशाचं वय २१. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळायला आत जाता येत नाही, नोकरी करता येते. "परवानगी आहे म्हणजे चांगलंच असणार ना?" असं मूल म्हणालं, तर सरकारने आपल्याच लोकांना आत का जाऊ दिलं नाही, हा प्रश्न वर्गाला द्या. चर्चा चांगली होते. मटक्याला तर कसलीच परवानगी नाही, गाड्यावर कितीही उघड चालला तरी.

ऑनलाइनसाठी २०२५ चा केंद्राचा कायदा. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ ची. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेलाच नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे वाक्य सत्रात स्पष्ट, दोनदा सांगा. शिक्षेच्या भीतीने मुलं घरी बोलत नाहीत आणि कर्ज वाढत जातं.

आता खातं. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला कोणीतरी गाठतं: "तुझं बँक खातं, एटीएम कार्ड आणि नवीन सिम दे, महिन्याला पाच-दहा हजार मिळतील. तुला काही करायचं नाही." या खात्यातून सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरतात. कुठेतरी दुसऱ्या राज्यात कोणीतरी तक्रार करतं, पैशांच्या मागावर पोलीस येतात तेव्हा पहिलं नाव सापडतं ते खातेदाराचं. खातं गोठतं, त्याच बँकेतली शिष्यवृत्ती अडकते, चौकशीला हजर राहावं लागतं. "मला माहीत नव्हतं" एवढ्याने सुटका होत नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही म्हटलं ते इथे लागू नाही. खातं भाड्याने देणं हा वेगळाच मामला आहे.

मुलांना पाठच करायला लावा: खातं, कार्ड, सिम आणि ओटीपी ओळखीच्या मित्रालाही देऊ नये. दिलंच असेल तर त्याच दिवशी बँकेत लेखी कळवून खातं बंद करायला सांगावं, पोच घ्यावी, सिम ब्लॉक करावं. आपले पैसे फसवणुकीत गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. जितके तास जातात तितकी रक्कम पुढे सरकते.

आणखी एक: भारतीय करार कायदा १८७२, कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. बुकीचा माणूस धमकावत असेल तर मुलाने घाबरून आईचं मंगळसूत्र गहाण टाकायला निघू नये, मोठ्यांना सांगावं, पोलिसांत जावं. उसने घेतलेले रोख पैसे किंवा लोन ॲपचं कर्ज यांना मात्र हे सरसकट लागू होत नाही, त्यामुळे नेमकं देणं कशाचं आहे ते आधी कागदावर लिहून काढावं.

भिरंड

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रफीत काढली. दोन शंका.

१) चवथीत घरोघरी पत्ते चालतात, गावात क्लबच्या मदतीसाठी हाउजी (तंबोला) असते. मुलं म्हणणार, हा जुगार नाही का? काय सांगायचं?

२) सत्र संपल्यावर एखादा मुलगा येऊन "माझे इतके गेले" म्हणाला तर?

पाटो

पहिल्याचं उत्तर देतो. लपवू नका. "तो वेगळा" म्हणालात की मुलांचा तुमच्यावरचा विश्वास गेला. हाउजीचं पोस्टर वर्गात आणा आणि हिशेब करा. समजा हजार तिकिटं ५० रुपयांना, जमा ५०,०००. बक्षिसं मिळून २५,०००. म्हणजे रुपयातले पन्नास पैसेच परत. मटक्याहून वाईट दर! पण तिकीट एकच, खेळ एका संध्याकाळचा, आणि उरलेले पैसे मैदानाला जातात हे सगळ्यांना ठाऊक. देणगी म्हणून घेतलं तर ठीक, कमाई म्हणून घेतलं तर खोटं. पोस्टरवर बक्षिसं ठळक असतात, तिकिटं किती छापली ते नसतं. हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली तर बरंच झालं.

पत्त्यांचं म्हणाल तर पालकांच्या सभेत वेगळं बोला. घरात पैसे लावून खेळायचेच असतील तर मुलांना पानावर बसवू नये, आणि त्यांनी जिंकलेल्या पैशांचं कौतुक अजिबात करू नये. लहानपणीच हाती लागलेला मोठा डाव हा पुढच्या सवयीचा एक ओळखीचा धोका आहे.

सुरंगी

दुसऱ्याचं सांगते. आकडा ऐकून "एवढे?" असं तोंडातून जाऊ देऊ नका. पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस". मग तीन गोष्टी शांतपणे विचारा: एकूण देणं किती आणि कोणाचं, कोणी धमकावतंय का, आणि जिवाचं काही बरं-वाईट करावंसं मनात येतं का. तिसरा प्रश्न टाळू नका, विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच वेळी घरच्या माणसाला बोलवा. कोणाला सांगायचं हे मुलालाच निवडू द्या, बाबांना नको तर मावशी चालेल, पण कोणीतरी मोठं माणूस हवंच. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन सुरुवातीलाच देऊन बसू नका.

कर्ज घरच्यांनी गुपचूप फेडून टाकणं हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे. मुलाला ते पुढचं भांडवल वाटतं. फेडायचं असेल तर यादी करून, मुलाच्या समोर, थेट देणेकऱ्याला. यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करून घ्या, ॲप काढा, टेलिग्रामचे गट सोडायला लावा.

आजाराची खूण कोणती? जास्त-जास्त रक्कम लागणं, थांबवायचा प्रयत्न करून न जमणं, न खेळता चिडचिड, गेलेलं परत आणायला बसणं, खोटं बोलणं, दुसऱ्यांकडून पैसे मागत राहणं. मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत अशी नऊ लक्षणं आहेत आणि वर्षभरात चार दिसली तर निदान होतं. पण ते डॉक्टरांनी करायचं, आपण मुलाला नाव चिकटवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आणि चोवीस तास चालतो, अठराखालच्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. प्रत्यक्ष उपचारांना बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तणूक संस्था. नंबर फळ्यावर सत्राच्या सुरुवातीपासून लिहिलेले असू द्या. शेवटी सांगितले की ज्याला हवे आहेत तो सगळ्यांसमोर उतरवून घेत नाही.

आणि दोन सत्रांवर थांबू नका, तीन महिन्यांनी एक तास पुन्हा घ्या.

भिरंड

तीन महिन्यांनंतरची तारीख आजच धरून ठेवतो. खाजन, ८०० चिंचोके जमले नाहीत तर काजूच्या बिया चालतील का? त्या घरोघरी आहेत.

खाजन

काजू नको. बिया दुकानात विकल्या जातात हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, म्हणजे तुम्ही वर्गात पैसेच लावले. चिंचोके कमी पडले तर कागदाचे तुकडे किंवा शर्टाची बटणं घ्या. आणि चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, एकाच घडीच्या असू द्या. एखाद्या चिठ्ठीचा कोपरा जरा वर आलेला राहिला तरी तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुलं ती बोटांनी ओळखतात. दर पाच फेऱ्यांनी चिठ्ठी काढणारा बदला.